पोटात संसार भरलेला पुतळा

नूबे मोरोचोने नवऱ्याला जाळलं ते एकतीस डिसेंबरला, सगळ्या गल्लीच्या साक्षीने.

नवरा म्हणजे नवऱ्याचा पुतळा. ज्याने वर्षभर छळलं त्याला वर्षाबरोबरच काडी लावायची, ही इक्वाडोरची रीत. आपला डोंगर सोडून न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सला आलं म्हणून ती सुटते थोडीच! विल्मरपासूनचा घटस्फोट ऑक्टोबरात हातात पडला होता, त्यामुळे यंदा कोणाला जाळायचं यावर चर्चाही झाली नाही. पँट त्याचीच. सदरा लग्नातला. भुसा तेवढा कमी पडला.

"घरात काही रद्दी आहे का गं?" घरमालकीण झोइलाकाकूंनी विचारलं.

होती ना. दोघांच्या नावाची विजेची बिलं, भाडेकरार, बँकेचे कागद, लग्नाचे फोटो. तीन वर्षांचा संसार विल्मरच्या पोटात व्यवस्थित बसला. जिवंतपणी कधी बसला नव्हता. बेकरीवाला सेगुंदो रीतीप्रमाणे काळा झगा घालून पुतळ्याची विधवा झाला आणि ऊर बडवू लागला. झोइलाकाकूंनी मयताचं मृत्युपत्र वाचलं: "सोफ्याखालचे मोजे मी नूबेला ठेवतो. माझी आई, जी चार महिने आमच्या पलंगावर मधोमध झोपली, तीही तिलाच ठेवतो." गल्ली हसून हसून लोळली. विल्मर झकास जळला. एवढा उजेड त्याने घरात कधी पाडला नव्हता.

जानेवारीत नूबेने कपाटातून आपलं रहिवासाचं कार्ड काढलं. लग्नावर मिळालेलं, दोन वर्षांचं, मुदत मार्चपर्यंत. ती वकीलबाईंकडे गेली.

"घटस्फोट झाला तरी कार्ड कायम करता येतं," बाई म्हणाल्या. "फक्त लग्न खरं होतं, कार्डासाठी केलेलं नव्हतं, एवढं दाखवायचं. दोघांच्या नावाचे कागद आणलेत?"

"जाळले."

"कोणी? नवऱ्याने?"

"नवऱ्यातच."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग बजावलं, की कराच्या कागदांच्या नकला सरकारकडून मिळतील, भाडेकराराची प्रत मालकिणीकडे असेल, आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणा.

शेजाऱ्यांनी सढळ हाताने लिहिलं. डिसेंबरात ज्यांनी विल्मरच्या चितेभोवती दालचिनीची गरम दारू प्यायली, त्यांनीच जानेवारीत त्याला देव केलं. झोइलाकाकूंनी शपथेवर सांगितलं, की या घरातून कधी चढा आवाज ऐकू आला नाही. सेगुंदोने तर "कबुतरांची जोडी" असं लिहिलं.

बाईंनी कागद वाचले आणि बाजूला सारले. "इतकं सुखी लग्न फक्त खोटंच असतं. अधिकारी हसेल. या लोकांना खरं काही आठवत नाही का?"

नूबेने नाइलाजाने मोबाइल पुढे केला. एकतीस डिसेंबरच्या व्हिडिओत मृत्युपत्र चाललं होतं: मोजे, सासू, वाकडा लावलेला पडद्याचा दांडा, उशीवरून झालेली भांडणं. बाईंच्या हसण्याने खुर्चीला धक्के बसू लागले. "हेच! हेच शपथेवर लिहायला सांगा. नाटकापुरत्या नवऱ्याच्या आईला कोण चार महिने पलंगावर झोपू देतं?" मग त्यांनी चित्र थांबवलं. सेगुंदोच्या मागे, कडेला, नूबे उभी होती. डोळ्याला बाही लावून.

"तुम्ही रडताय."

"धूर होता."

"धूर पलीकडे चाललाय."

नूबेने मोबाइल उलटा ठेवला. गल्लीला तिने सांगितलं होतं, की असल्या माणसावर आपला जीव कधी नव्हताच. आणि गल्लीने ते मोठ्या प्रेमाने मान्य केलं होतं.

झोइलाकाकू नवं प्रतिज्ञापत्र लिहायला बसल्या, पण पेन अडलं. "अगं, सरकारला सासूचं कसं सांगू? आपली अब्रू जाईल की!"

"काकू, अब्रू इथेच ठेवून मी विमानात बसू का?"

काकूंनी लिहिलं. पलंगही लिहिला.

अर्ज वेळेत गेला. शरद ऋतूत मुलाखतीचं बोलावणं आलं. अधिकाऱ्याने सगळं वाचलं, व्हिडिओ पाहिला, हसला मात्र नाही. नेमका त्याच जागी थांबवून त्याने विचारलं, "हे काय?"

शपथ तर घेतलेली.

"माझा जीव होता त्याच्यावर," नूबे म्हणाली. "त्याचा नव्हता. पण माझा होता." हे तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, आणि तेही सरकारला.

कार्ड डिसेंबरात आलं, दहा वर्षांचं.

झोइलाकाकू दारात हजर. "झालं ना! काय विचारलं गं त्याने?"

"धुराबद्दल."

"शहाणाच दिसतोय. बरं, यंदा भुसा कमी पडलाय. काही रद्दी दे."

"भुसा विकत आणा, काकू."

घटस्फोटाचा निकाल, कराच्या नकला, जुनं कार्ड, नवं कार्ड, काकूंच्या अब्रूची सही-शिक्क्याची प्रत, सगळं तिने एका जाड फायलीत घातलं आणि पलंगावर विल्मर झोपायचा त्या बाजूला गादीखाली सरकवलं. सासूपेक्षा कमी जागा घेते. घोरतही नाही.