बेकरीवाल्याची मूठ

या मंडळी, जरा जवळ सरका. एका बेकरीवाल्याची गोष्ट सांगतो.

त्याची बोटं सुजली, पीठ मळता येईना. जंतूच असणार, म्हणून तो दिवसभर गरम पाण्यानं हात धूत बसे. शेवटी वहिनीनं त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, जंतू म्हणजे चोर; तो आलेलाच नाही. तुमच्या शरीराचे पहारेकरीच सांध्यांना चोर समजून झोडपताहेत."

"मग हाकला त्यांना!"

"आणि खरा चोर आला तर? त्यांना आवरणाऱ्या पेशी असतात, त्या कमी पडल्यात. त्यात 'धावा, मारा' असे निरोप रक्तातून फिरताहेत. ते अडवणारं इंजेक्शन देते."

बेकरीवाला वहिनीकडे वळला. "म्हणजे तुम्ही माहेरी गेलात की आमच्या दुकानात होतं तसंच!"

"हो ना भावोजी. तुम्ही भाऊ-भाऊ भांडता आणि पाव जळतात."

काही आठवड्यांनी त्याची मूठ वळली. स्वतः मळलेला पहिला पाव त्यानं वहिनीपुढे ठेवला.

"करपलाय हो!"

"तुम्ही अंघोळीला गेला होतात ना, तेवढ्यात दादा भांडला!"

देवानं देहातसुद्धा भांडणं आवरणारी वहिनी ठेवली आहे, मंडळी. आज जेवताना तुमच्या घरातल्या अशा माणसाची आठवण काढा.