पलीकडचा टका

रुपया पडला की आमच्या घरी सणासारखं वातावरण असायचं. सगळी नंदनवन कॉलनी महागाईच्या नावाने खडे फोडत असायची आणि माझा नवरा, जितेंद्र, गॅलरीत चहा पीत मोबाइलवर डॉलरचा भाव बघून गालातल्या गालात हसायचा. "सुरुची, आज अजून चढला वं," असं तो आतल्या खोलीत मला ओरडून सांगायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून मी त्याला दटावायची, पण हसू मलाही यायचं.

आम्ही बांगलादेशात संत्री पाठवतो. पाठवत होतो, असं म्हणायला हवं. काटोल रोडवर आमची शेड होती. तिथे फळ धुतलं जायचं, त्यावर मेणाचा पातळ थर दिला जायचा, लहानमोठं वेगळं व्हायचं आणि क्रेट भरून ट्रक सीमेकडे निघायचा. पलीकडे जेसोरचा मतीनभाई माल उतरवून घ्यायचा. सौदा डॉलरमध्ये, म्हणून डॉलर महाग झाला की आमच्या हाती रुपये जास्त. एवढं अर्थशास्त्र मला कळत होतं. जितेंद्रलाही तेवढंच कळत होतं, हे मात्र मला फार उशिरा समजलं.

त्याच्या घरात सगळे कारकून. हा पहिलाच धंद्यात पडला. सासरे त्याला शेवटपर्यंत 'आमचे व्यापारी' म्हणायचे आणि त्यात कौतुकाचा अंशही नसायचा. त्यामुळे शेड त्याच्यासाठी नुसतं पोट भरायचं साधन नव्हतं. ती बंद पडली तर वडील खरे ठरणार होते, आणि मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

आमच्याकडे बगीचा फळ लिंबाएवढं असतानाच विकला जातो. व्यापारी झाडांमधून फिरतो, डोळ्यांनी अंदाज बांधतो आणि इसार देतो. बाकी रक्कम तोडणीच्या वेळी. इसार दिला की झाडावरचं फळ व्यापाऱ्याचं आणि तोडणीचा खर्चही त्याचाच. मग शेतकरी आणि व्यापारी दोघंही आभाळाकडे बघत बसतात. गारा पडतील का, फळ गळेल का, याची काळजी जितेंद्रला नेहमी असायची. त्या वर्षी आभाळाने काहीच वाकडं केलं नाही.

काटोलच्या पुढे रुपरावजींचा बगीचा आहे. साठीचा माणूस, धोतर परीटघडीचं, बोलणं मोजकं. दुसरा एक व्यापारी त्यांच्याशी आधीच बोलून गेला होता. जितेंद्रने त्याच्यापेक्षा बराच वरचा भाव सांगितला तेव्हा रुपरावजी खूश व्हायच्याऐवजी त्याच्याकडे बघतच राहिले.

"एवढा भाव काहून देऊन राहिले तुमी?" त्यांनी विचारलं.

"डॉलर वाढून राहिला ना, रुपरावजी. थोडं तुमच्याही घरात जाऊ द्या."

"मंग त्याले नाही म्हनून सांगतो," रुपरावजी म्हणाले आणि त्यांनी इसार घेतला. परतताना गाडीत मला नवऱ्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, फार वाटला.

दिवाळीच्या आधी मतीनभाईचा फोन यायचा, न चुकता. आधी सगळ्यांची खुशाली, मग पहिला ट्रक कधी निघतो याची चौकशी. या वेळी दिवाळी होऊन गेली तरी फोन आला नाही. शेवटी जितेंद्रनेच लावला आणि स्पीकरवर टाकला. मतीनभाई नेहमीसारखंच आपल्या मोडक्या हिंदीत बोलत होता, पण आवाज दमलेला. बँक डॉलर देत नाही, म्हणाला. आहेत ते तेलाला आणि औषधाला जातात, फळवाल्याचा नंबर सगळ्यांच्या मागे. वर सरकारने कर वाढवलाय. बाजारात लोक आता संत्रं नगावर घेतात, तेही घरात कुणी आजारी असलं तर.

"अरे पण आमचा रुपया पडलाय. मी तुला डॉलरमध्ये स्वस्त देतो," जितेंद्र म्हणाला.

मतीनभाई म्हणाला, तुमचा रुपया एक पायरी घसरला, भाई. आमचा टका जिन्यावरून खाली आलाय.

फोन बंद झाल्यावर माझं डोकं फिरलं. रोज सकाळी देवाचं दर्शन घ्यावं तसा हा माणूस डॉलरचा भाव बघायचा, पण ज्याच्या जिवावर आमचं फळ विकलं जायचं तो काय कमावतो, हे याने एकदाही पाहिलं नव्हतं. जेसोरचा माणूस डॉलर कमवत नाही. तो टका कमावतो आणि टक्यात संत्रं घेतो.

"तुले एकदा तरी टका पाहावासा नाही वाटला?" मी विचारलं.

"तू पाह्यलास का?" तो म्हणाला.

मी पाहिला नव्हता. 

जितेंद्र थांबला. आज मतीनभाईची बँक मानेल, उद्या मानेल. फळ कुणासाठी थांबत नाही. शेडमध्ये फळ धुण्याच्या कामावरची पुष्पलता रोज येऊन कोरडंच मशीन पुसायची आणि माझ्याकडे बघायची. मी उगाच दुसरीकडे वळायची. सीमेपलीकडे जाणारा सगळ्यांचाच माल इथल्याच कळमन्याच्या बाजारात येऊन पडला होता, आणि तिथला भाव इतका खाली गेला की ट्रकचं भाडंसुद्धा निघेना.

शेवटी आम्ही दोघं रुपरावजींकडे गेलो. झाडं भरलेली होती. खाली गळलेल्या फळांवर माशा बसल्या होत्या.

"इसार तुमचा," जितेंद्र म्हणाला. "मी फळ सोडतो."

रुपरावजी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "इसार ठेवून काय करू? फळ झाडावरच रायलं तं झाड थकते. पुढचा बहार येत नाही. कोन तोडन हे?"

"कोणी घेऊन नाही राहिलं, रुपरावजी."

"इकाले नाही म्हनत मी. झाडं मोकळी करून द्या. तोडनी तुमच्याकडं होती."

बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी आमच्यामुळे नाही म्हटलं होतं. बाकी रक्कम बुडाली, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त झाडं मागत होते. जितेंद्रने मजूर लावले.

त्यातलं मूठभर फळ कळमन्याला गेलं. बाकीचं आम्ही मजुरी देऊन जमिनीवर टाकलं. मजूर कमी पडायला नकोत म्हणून मीही पदर खोचून तोडायला लागले. एकेक फळ घट्ट, केशरी, हातात घेतलं की सोडवत नव्हतं. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. मतीनभाईवर? तो तिकडे आपलंच दुकान अर्धं बंद करून बसला होता.

दुपारी रुपरावजी पाण्याची कळशी घेऊन आले. जितेंद्रला पाणी देत म्हणाले, "झालं थे झालं. पुढल्या साली याल ना?"

"नाही, रुपरावजी," जितेंद्र म्हणाला. "शेड विकून राहिलो. काल माणूस पाहून गेला."

हे त्याने मला घरी सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, पण तो मान खाली घालून पाणी पीत होता. हातातलं फळ मी ढिगावर टाकलं आणि पुढच्या झाडाकडे गेले. मजुरांना संध्याकाळपर्यंतचेच पैसे दिले होते, आणि झाडं अजून बरीच होती.