दोघींतला फोटो

"बंद कर ते. आधी बंद कर, अभिनंदन!"

अक्काताई देवळातून येऊन दुकानाची पायरी चढत होत्या. काउंटरवर मुलानं नवा कॉम्प्युटर मांडला होता आणि त्याच्या मोठ्या पडद्यावर त्यांच्या मोबाइलमधले सगळे निरोप उघडे पडले होते. समोर दोन गिऱ्हाइकं उभी. वरच्याच ओळीत नंदिनीताईंचं नाव आणि खाली 'फोटो' असा शब्द.

अभिनंदननं गडबडीनं पडदा बंद केला. गिऱ्हाइकं गेल्यावर तो म्हणाला, "आगं, तू फोन हितंच ठेवून गेलतीस. ऑर्डरी शोधायला सोपं जावं म्हणून जोडलं. भ्यायचं काय हाय त्यात? ह्यातलं सगळं कुलूपबंद असतंय. पाठवणारा आन् घेणारा, दोघांनाच वाचता येतंय. कंपनीला सुदिक दिसत न्हाय."

"कंपनीचं काय घिऊन बसलास? तुला दिसतंय की!"

राजारामपुरीतल्या त्या गाळ्यात अक्काताई नवरा गेल्यापासून ब्लाऊज शिवत होत्या. अंगाला टेप लावली की बायकांचं बरंच काही न सांगता कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पाठीवर वळ आहेत. त्यातला एक शब्द कधी गाळ्याबाहेर गेला नव्हता.

नंदिनीताई शाळेत शिक्षिका. उन्हाळ्यात कॅन्सरमुळं त्यांचा डावा स्तन काढावा लागला. आता लेकीचं, वल्लरीचं, लग्न तोंडावर आलं होतं. पण लग्नातल्या ब्लाऊजचं माप द्यायला दुकानात यायचा त्यांना धीर होईना. ऑपरेशननंतरचं अंग त्यांनी अजून नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं. शेवटी त्यांनी कापड पाठवून दिलं, मोबाइलवर घरीच घेतलेली मापं आणि त्या अंगाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'फक्त तुमच्यापुरता.'

"असं काय हाय त्यात?" अभिनंदननं विचारलं.

अक्काताईंनी फोन उचलून कमरेला खोचला.

"माझ्यापासनं लपवतीस व्हय?"

"माझं असतं तर दाखवलं असतं. ते माझं न्हवं बाबा."

तो खाली बघत म्हणाला, "मी उघडलं न्हाय, आई. नुसतं नाव दिसलं."

त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना ते खरं वाटलं. तरीही त्या आत गेल्या आणि त्यांनी फोन लावला.

"नंदिनीताई, एक चूक झाली." जे घडलं ते त्यांनी सरळ सांगितलं.

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "अभिनंदननं बघितला?"

"न्हाय म्हणतोय, आन् त्यो खोटं बोलत न्हाय. पण बघता आला असता, म्हणून सांगितलं. राग आला असंल तर कापड परत देते."

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"व्हय. म्हणून तर."

नंदिनीताईंनी फोन ठेवून दिला. अक्काताईंनी कागदावर मापं उतरवून फोटो पुसून टाकला. मशीनवर बसल्या, पण टीप वाकडीच जात राहिली. संध्याकाळी अभिनंदननं कॉम्प्युटरची जोडणी तोडली. ऑर्डरींसाठी वेगळा नंबर आणला आणि आईचा फोन तिच्या बोटाच्या ठशावर बंद केला, पासवर्डही तिलाच घालायला लावला.

"आन् पासवर्ड मला सांगू नगोस," तो म्हणाला. त्या हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच.

नंदिनीताईंचा फोन काही आला नाही. कापड मात्र त्यांनी परत मागितलं नाही, म्हणून अक्काताईंनी ते शिवून ठेवलं. डाव्या बाजूला दोन अस्तरांमध्ये पिंजलेला कापूस घातला, तो फुगू नये म्हणून बारीक टीप मारली.

आणि एका दुपारी नंदिनीताई स्वतःच दारात उभ्या.

"घालूनच बघावा म्हटलं," त्या म्हणाल्या.

अभिनंदन उठला. "आई, हुकं संपल्यात, आणतो." जाताना त्यानं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

आतल्या आरशापुढं अक्काताईंनी मागून हुकं लावली, खांद्यावरची सुरकुती बोटानं सारखी केली. दोन्ही बाजू एकसारख्या दिसत होत्या. नंदिनीताई आरशाकडं बघत नव्हत्या.

"हात वर करून बघा. मुंढा काचतोय काय बगलेत?"

उजवा हात सहज वर गेला. डावा खांद्यापाशी अडला. अक्काताईंनी घाई केली नाही. नंदिनीताईंनी डोळे मिटले, ओठ घट्ट धरले आणि हात हळूहळू पार कानाला लावला.

"नाही काचत," त्या म्हणाल्या. डोळे उघडले आणि हात तसेच वर ठेवून आरशात बघत राहिल्या.