चार मिनिटं

नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अस्मिता कंत्राटावर संख्याशास्त्रज्ञ होती. सत्तरी ओलांडलेल्या ऐंशी जणांची माहिती तिच्याकडे आली होती. चाळीस एकटे राहणारे, चाळीस कुटुंबात राहणारे. दिवसातून किती मिनिटं कुणाशी बोलणं होतं, एवढंच विचारलं होतं.

दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या टी-टेस्टनं अपेक्षेप्रमाणेच सांगितलं. एकट्यांची सरासरी तीस मिनिटं, कुटुंबातल्यांची पासष्ट. फरक योगायोगाचा वाटत नव्हता. प्रकल्पप्रमुख डॉक्टर कामिनी खूश झाल्या.

पण अस्मितानं आकडे एकेक करून पाहिले. कुटुंबातल्या सहाच जणांनी ती सरासरी वर ओढली होती. एक तर घराच्या ओट्यावर किराणा दुकान चालवत होता, त्याची चारशे मिनिटं. बाकीचे खूप खाली. सगळ्यांत खाली उमरेडच्या वच्छलाबाई: घरात सात माणसं, बोलणं चार मिनिटं. ४० लिहिताना शून्य राहून गेलं असेल, असं तिला वाटलं. फोन लागेना, म्हणून शनिवारी ती एसटीनं उमरेडला गेली.

वच्छलाबाई मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आत टीव्ही चालू होता. सुनेनं बोटानंच अंगण दाखवलं.

"आजी, फॉर्मवर चार मिनिटं लिहिलंय. चुकलं का काही?"

"नाही वं, बराबर हाय." त्यांनी एक शेंग उकलली. "सकाळी चहा घे म्हणतेत. सांजच्याले जेवून घे म्हणतेत. वाईट कोणीच नाही. पण ज्याच्या त्याच्या कामात राह्यतेत."

अस्मिता खाली बसली. न विचारता शेंगा सोलू लागली.

"तुयासंग कोण बोलते?" वच्छलाबाईंनी विचारलं.

नागपुरातली, मानेवाड्यातली एकटीची भाड्याची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यापासून बस कंडक्टरखेरीज ती कुणाशी बोलली नव्हती.

"ऑफिसात बोलते," ती म्हणाली.

सोमवारी तिनं मान-व्हिटनी चाचणी लावली. ऐंशी जणांना कमीपासून जास्तीपर्यंत एका रांगेत उभं करायचं आणि मिनिटं सोडून फक्त रांगेतला क्रमांक पाहायचा. चारशे मिनिटांवाला दुकानदार तिथे फक्त शेवटचा ठरला. दोन्ही गट रांगभर मिसळलेले निघाले. ठाम म्हणावा असा फरक उरला नाही.

"म्हणजे घरात माणसं असून उपयोग नाही, असं लिहायचं?" कामिनीमॅडमनी विचारलं.

"तसं नाही, मॅडम. फरक आहे असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही, एवढंच. आकडे इतके एकीकडे झुकलेले असताना नुसत्या सरासरीवर जाऊ नये."

"ती चार मिनिटांची नोंद तरी काढू या. चुकीची वाटते."

"मी जाऊन आले. बरोबर आहे."

मॅडमनी दोन्ही निकालांचे कागद शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी दोन्ही चाचण्या अहवालात घेतल्या आणि निष्कर्ष बदलला. वच्छलाबाईंचं नाव अर्थातच कुठे आलं नाही. आकड्यांच्या तक्त्यात त्या एकाहत्तराव्या ओळीत राहिल्या.

मार्चमध्ये अस्मिताचं कंत्राट संपलं. उमरेडला पुन्हा जायचं तिच्या मनात होतं. दोन रविवार ती बसस्टँडपर्यंत गेलीही. काय कारण सांगायचं ते सुचेना, म्हणून परत आली.