अध्यक्षबाईंची माय

माइक प्रणालीच्या हातात होता आणि ती बोलत नव्हती.

बडनेऱ्याच्या कार्यशाळेत त्या दिवशी जिल्ह्याचे साहेब आले होते. 'मंद' म्हणून गावाने जन्मभर बाजूला बसवलेली बावीस मोठी माणसे तिथे कागदी पिशव्या करत. जूनमध्ये त्यांनी आपला अध्यक्ष आपणच निवडला. उभे राहिलेल्यांचे फोटो डब्यांवर चिकटवले, प्रत्येकाने एकेक चिंचोका टाकला. प्रणालीच्या डब्यात चौदा निघाले. बत्तीस वर्षांची ती लेक त्या संध्याकाळी घरी आली, ती मान ताठ करून, चपला जागेवर ठेवून.

"साहेबाले काय सांगशीन वं?" आईने, माणिकबाईंनी, पंधरा दिवस विचारून पाहिले.

"अध्यक्षाचं हाय. घरी सांगत नाई."

आता माणिकबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्रणालीचा शब्द ओठांवर यायच्या आधी तिच्या अंगठ्यात येतो. अंगठा बोटावर घासू लागला की समजावे, शब्दाने वाट धरली. हे जगात एकट्या माणिकबाईंना ठाऊक. अंगठा हलत होता. पण साहेबांनी घड्याळ पाहिले, मागे कुणी खोकले, आणि माणिकबाई उभ्या राहिल्या. डॉक्टरपुढे, शाळेत, लग्नघरी, जन्मभर उभ्या राहिल्या तशाच.

"साहेब, तिले म्हणाचं हाय का, लेकरायले न्या-आणाले एक गाडी द्या."

साहेबांनी लगेच लिहून घेतले. टाळ्या झाल्या. प्रणालीने माइक टेबलावर ठेवला, झोपलेले मूल खाली ठेवावे इतका हळू.

फाटकात संघपालने त्यांना गाठले. तोही पिशव्याच करायचा.

"काकू, गाडी नोको व्हती. गाडी घरून उचलते अन् घरी टाकते, पोत्यावानी. आमाले सिटीबसनं जाणं शिकाचं व्हतं. कंडक्टरनं आमचा थांबा सांगावा, येवढंच. सगळ्यायनं ठरवलं व्हतं."

"मंग तू काहून नाई बोलला रे?"

"अध्यक्ष प्रणाली हाय ना," संघपाल म्हणाला. एवढी साधी गोष्ट काकूंना कशी कळत नाही, असे त्याच्या चेहऱ्यावर होते.

पुढच्या बैठकीत प्रणालीने पद सोडले. "माह्यी माय बोलते. मायलेच करा अध्यक्ष." सगळे हसले. ती हसली नाही.

श्रावणात गाडी आली. पांढरी, नवी. सकाळी दाराशी हॉर्न वाजे आणि प्रणाली जाऊन बसे.

माणिकबाईंचे चातुर्मासात मौनाने जेवण असते. चार वर्षांची झाली तरी पोर बोलेना, तेव्हा धरलेला नेम. हिला वाचा फुटू दे देवा, मी ताटावर शब्द काढणार नाही. सातव्या वर्षी पोर 'पानी' म्हणाली. नेम त्यांनी सोडला नाही. देवाने त्याच्या बाजूचे पुरे केले होते. आपण मात्र मौन ताटापुरतेच ठेवले, हे त्यांना आताशा घास उचलताना आठवे.

एका संध्याकाळी दोघी जेवत असताना शेजारची अकीलाभाभी दारात आली.

"काय म्हनते तुमची गाडी, प्रणाली? मजा हाय ना?"

प्रणालीचा हात ताटावर थांबला. अंगठा हलला. मग तिने आईकडे पाहिले.

माणिकबाईंचे ताट रिकामे झाले होते. त्या जेवणापुरता नेम संपला होता. तरी त्यांनी ओठ मिटूनच ठेवले. डोळ्यांनी म्हणत राहिल्या, बोल माय, मी हाय थांबून, कितीही वेळ. भाभीही चौकटीला टेकून थांबली.

अंगठा थांबला.

"तुह्यं जेवन झालं," प्रणाली आईच्या ताटाकडे बोट करून म्हणाली. "सांग ना तिले."

माणिकबाईंनी टोपल्यातली अर्धी भाकर ओढून ताटात घेतली, आणि कोरडीच खाऊ लागल्या.