लाल रेघ

डेल्फियाची पेटी दाराशी बांधून तयार होती. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळात आज दुपारी ती हजर झाली नाही, तर स्वयंपाकघरातली जागा दुसरीला जाणार होती. दोनदा तिने तारीख पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा कोण ऐकून घेणार? टपालाची बोट धक्क्याला लागलेलीच होती.

तेवढ्यात तिचा बाप वेल्डन खेकड्यांच्या खोपटातून आला.

"पोरी, दोन्ही हौद भरलेत. सगळ्या माद्या लाल रेघेच्या. आज कवच टाकणार बघ."

या बेटावर लाल रेघ म्हणजे हुकूम. खेकड्याच्या मागच्या पायाच्या कडेला रेघ पांढरी दिसली तर दोन आठवडे निवांत. लाल झाली की आज नाही तर उद्या कवच फुटणार. बाजारात भाव मऊ खेकड्यालाच; तो तेव्हाच्या तेव्हा उचलला नाही, तर बाकीचे त्याला खातात, नाहीतर तो पुन्हा कडक होतो आणि मातीमोल होतो.

"तुम्ही आहात ना, डॅडी."

"मला पिंजरे ओढायला जायचंय. तू जा गं, जायचं तर. मी कुठे अडवतोय? दार उघडंच आहे."

पिंजऱ्याचंही दार उघडंच असतं. वेल्डन त्यात खायला काही घालत नसे, नुसता एक दांडगा नर ठेवायचा, आणि वयात यायच्या बेतातल्या माद्या आपल्या पायांनी आत शिरायच्या.

डेल्फिया थांबली. बोट भोंगा देऊन निघून गेली, तेव्हा ती हौदावर वाकलेली होती.

दुपार कलली तरी एकीचंही कवच फुटेना. तिने एक उचलून उजेडात धरली. रेघ पांढरी. दुसरीची पांढरी. तिसरीचीही. तिने ती संतापाने हौदात आपटली. उभा जन्म रेघा ओळखण्यात गेलेला माणूस, त्याने मुद्दाम भरल्या होत्या या! पण संतापात तिला सुटल्यासारखंही वाटलं. नोकरी गेली तर गेली, उद्याच्या बोटीने निघायचं. खोटारड्या बापाला सोडताना मागे वळून बघावं लागत नाही.

मग तळाशी एक मोठी मादी हाताला लागली. डेल्फियाने ती उलटी केली. पोटावरची झडप त्रिकोणी नव्हती, चांगली रुंद, गोल झालेली होती. म्हणजे वयात आलेली. हिचं शेवटचं कवच टाकून झालं होतं. ही आता जन्मात वाढणार नव्हती. असली मादी हौदात कुणी घालत नाही, बेटावरचं शेंबडं पोरही नाही. फसवायचं असतं तर त्याने हीच आधी फेकली असती. तिने तळ चाचपला. अजून होत्या.

वेल्डनची होडी लागली. उतरण्याआधी त्याने पायाने धक्क्याची कड चाचपली. हे तो कधीपासून करत होता?

तिने ती मादी पोट वर करून त्याच्यापुढे धरली.

"डॅडी, ही कशी आहे?"

त्याने हात विजारीला पुसले, ती नाकापाशी नेली, बराच वेळ बघितली.

"लाल," तो म्हणाला. "अगदी आजची. हो ना?"

हा माणूस खोटं बोलत असू दे, असं डेल्फियाने मनापासून देवाला विनवलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पण जरा बाजूला.

"हो," ती म्हणाली. "लाल आहे."