शेवटची ओळ वाचली, तरीही

मी बोलतेय चष्म्याच्या दुकानातून. काचेच्या कपाटात चमकणाऱ्या फ्रेमा दिसतात ना, त्यांतली मी नव्हे. मी तपासणीची फ्रेम. गोल, काळी, जड. कारखान्यातून निघाले तीच पेटीभर सुट्या काचा सोबत घेऊन. नंबर काढताना दुकानाच्या ताई मला गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवतात, एकेक काच माझ्यात घालतात आणि विचारतात, "ही बरी की आधीची?" मला घालून कुणीच देखणं दिसत नाही. नवरे बायकांना हसतात, मग त्यांची पाळी येते.

दुकान आधी ताईंच्या वडिलांचं. ते घाईचे, ताई निवांत. माणूस दारातून आत कसा येतो, तिथपासून त्यांचं बघणं सुरू होतं.

एकदा सुतारकाका आले. येतानाच डावा खांदा दारावर आपटला. बसताना शेजारचं स्टूल पाडलं. मी त्यांच्या नाकावर बसले, दोन काचा बदलल्या, आणि काकांनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"झालं! द्या चष्मा बनवून."

ताईंनी मला उतरवलं. काकांना एक डोळा झाकायला लावून त्या समोर बसल्या. "माझ्या नाकाकडे बघत राहा. मी बाजूला बोटं हलवते. दिसली की सांगा."

बोटं बाजूने पुढे पुढे आली, तरी काका गप्पच.

"काका, चष्मा देईन, पण आज नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मला काचबिंदूची शंका येतेय. तो बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खातो. नक्की काय ते डॉक्टर सांगतील." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

काका उखडले. "सगळं वाचलं ना मी? दुकानं काय कमी आहेत?" चिठ्ठी खिशात कोंबून ते तरातरा निघून गेले. ताई मला पुसत बसल्या. माझ्यात काच नव्हतीच, तरी पुसत होत्या.

पंधरवड्याने काका परत आले. या वेळी काकूंनी दंड धरला होता.

"सदरा धुवायला घेतला तर खिशात ही चिठ्ठी," काकू म्हणाल्या. "हे म्हणाले, बाईंनी उगाच घाबरवलंय. म्हटलं, घाबरायचं मी बघते, तुम्ही नुसते चला."

काका खाली बघत होते. "काचबिंदूच निघाला. गेलेलं परत यायचं नाही म्हणाले. पण रोज थेंब घातले, वेळेवर तपासलं, तर उरलेलं राखता येईल." थोडं थांबून म्हणाले, "मी दिवसभर करवतीशी असतो, ताई. असाच वर्षभर राहिलो असतो तर..."

ताईंनी हळूच मला उचललं आणि काकांच्या नाकावर ठेवलं. "चला, आता चष्म्याचं बघू."

हल्ली माझा एक स्क्रू ढिला झालाय. नंबर काढायचं यंत्रही आलंय दुकानात. तरी शेवटी ताई मलाच हाक मारतात... म्हणजे, हात पुढे करतात.

एकच मागणं आहे. घरात कुणी सारखं कशाला तरी धडकत असेल, तर वय झालं म्हणून हसून सोडू नका. घेऊन या. माझ्या पेटीत काचा पुष्कळ आहेत, पण गेलेली नजर परत आणणारी त्यांत एकही नाही.